दाजीपूरच्या जंगलात गाडी कुठं गायब होते?

पत्र : ताई, रामराम. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत माझा ट्रान्सपोर्टचा धंदा आहे. पाच गाड्या आणि एक जेसीबी. फोंडा घाटातून फाऊंड्र्यांसाठी, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांसाठी, सिलिका वाळू आणतो आणि तयार कास्टिंग (ओतीव भाग) पुण्याकडे पोचवतो. धाकटा मुलगा कॉम्प्रेसर दुरुस्तीचं बघतो, त्याच्याकडे मोटारसायकलवर फिरणारी तीन पोरं आहेत. थोरला इंजिनिअर आहे. तो म्हणतो, सगळ्यांना जीपीएस लावा. त्याच्या सांगण्यावरून दीड महिन्यापूर्वी आमच्या सगळ्यात जुन्या ड्रायव्हरच्या गाडीला चुंबकाने चिकटणारं एक बारकं यंत्र लावलं. त्यांना सांगितलं नाही. मामा माझ्याकडे १९ वर्षं आहेत, माझी दोन्ही पोरं त्यांच्या केबिनमध्ये बसून मोठी झाली. पण वर्षभरात त्या गाडीचं ॲव्हरेज पडलंय आणि माझ्या मनात डिझेलचा संशय आलाय. आता यंत्रात तीन गोष्टी दिसतात. फोंड्याच्या प्रत्येक ट्रिपला मामांच्या वहीत यंत्रापेक्षा १४-१५ किलोमीटर जास्त असतात. दाजीपूरच्या जंगलात गाडी पाऊण तास गायब होते आणि मग एकदम फोंड्यात उगवते. आणि परत येताना राधानगरीच्या अलीकडे रात्री एक ते तीन गाडी थांबते, पण टिंब मात्र इकडं-तिकडं हलत असतं. थोरला म्हणतो, पुरावा हातात आहे, काढून टाका. घरातली म्हणते, आधी विचारा. विचारायचं तर यंत्र लावल्याचं कबूल करावं लागेल. काय करू? — एक मालक, शिरोली

उत्तर : दादा, रामराम. वहिनींचं ऐका.

एवढ्यावर थांबले तर थोरला म्हणेल, आकडे माझ्याकडे आहेत आणि ताई नुसतं मायेचं बोलतात. म्हणून आकड्यांचंच बोलू. नवरा गेल्यावर मी अकरा वर्षं चार गाड्या चालवल्या, म्हणजे लक्ष्मीपुरीतल्या गादीवर बसून. २०१६ साली पहिलं यंत्र गाडीला लावलं तेव्हा मीही तुमच्या थोरल्यासारखीच हुरळले होते आणि पहिल्याच आठवड्यात एका ड्रायव्हरला ‘पकडलं’ होतं. ते प्रकरण पुढं सांगते, कारण त्याची खंत अजून आहे.

आधी दाजीपूर. आपल्याला वाटतं, वरून उपग्रह आपल्या गाडीवर नजर ठेवून असतो. उपग्रहाला तुमचा ट्रक ठाऊकही नाही. अमेरिकेच्या जीपीएसचे तीसेक उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरता फिरता एकच पाठ म्हणत असतात : मी अमुक, मी इथं आहे, माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजलेत. गाडीतलं यंत्र ते फक्त ऐकतं. आवाज पोचायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतं, आणि चार उपग्रह एकदम ऐकू आले की आपली जागा ठरवतं. खरं तर तिघांवर भागलं असतं, पण यंत्रातलं घड्याळ स्वस्तातलं असतं. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी जागा ३०० मीटरने सरकते, म्हणून घड्याळाची चूक काढायला चौथा लागतो. रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, चीनची बैदू आणि आपल्या इस्रोची नाविक यांचंही काम याच रीतीने चालतं. आजची बरीच यंत्रं यातल्या दोन-तीन एकदम ऐकतात.

ही झाली निम्मी गोष्ट. यंत्राला आपली जागा कळली, पण शिरोलीत बसलेल्या तुम्हाला ती कोण सांगणार? ते काम उपग्रह करत नाही, यंत्रातलं सिमकार्ड करतं, तुमच्या-माझ्या फोनसारखंच टॉवर शोधून. दाजीपूरचं जंगल आणि त्यापुढचा घाट या पट्ट्यात तुमच्या खिशातल्या फोनची काय अवस्था होते ते आठवा. तीच त्या सिमकार्डाची होते. मामांनी यंत्र उपटलं असतं, तर फोंड्यात उतरल्यावर तिथंच पुन्हा चिकटवायला त्यांना ते आहे हे आधी माहीत असायला हवं होतं, नाही का?

बऱ्यापैकी यंत्र रेंज नसताना टिपलेल्या जागा पोटात साठवून ठेवतं आणि रेंज आली की एकदम ओकतं. म्हणून थोरल्याला सांगा, गाडी चालू असताना फोनवर टिंब बघत बसू नको, दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रिपचा इतिहास उघड. पाऊण तासाची ती रिकामी रेघ भरलेली दिसेल. नाही दिसली तर यंत्रात साठवायची सोय नाही, एवढाच बहुधा त्याचा अर्थ. तरी शंका उरली, तर तेच यंत्र तुमच्या स्वतःच्या गाडीत ठेवा आणि एक रविवार दाजीपूरला जाऊन या. गवे दिसले तर दिसले.

आता ते १४-१५ किलोमीटर. थोरला इंजिनिअर आहे, त्याला हे स्वतःला सुचायला हवं होतं.

चुंबकाचं यंत्र स्वतःच्या बॅटरीवर चालतं. ती बॅटरी आठवडेच्या आठवडे पुरावी म्हणून ते सारखं जागं राहत नाही. तीन मिनिटांनी, पाच मिनिटांनी एकदा डोळा उघडतं, जागा टिपतं आणि पुन्हा झोपतं. मग संगणक दोन टिंबांमध्ये सरळ रेघ ओढतो आणि त्या रेघेची लांबी मोजतो. महामार्गावर त्यात फारसं काही बिघडत नाही. फोंडा घाटात भरलेली गाडी ताशी वीसच्या वेगाने चढते, म्हणजे तीन मिनिटांत एक किलोमीटर. त्या एका किलोमीटरात किती वळणं गेली? ठिपक्यांची रांगोळी घालताना मधले ठिपकेच गाळले तर मोराचा बाण होतो, तसं ते आहे. ट्रक वळणावळणाने गेला आणि यंत्राने त्याला डोंगरातून आडवा नेला. राधानगरीपासून खालपर्यंतचा रस्ता काही सरळ नाही, त्यामुळे ही काटछाट एकट्या घाटातच होते असंही नाही.

शिवाय मीटर. गाडीचा मीटर अंतर मोजत नाही, चाकाचे फेरे मोजतो. टायर झिजला की चाक बारीक होतं आणि तेवढ्याच रस्त्याला फेरे जास्त लागतात. गोट्या झालेल्या टायरवर मीटर दोन-तीन टक्के जास्त दाखवतो. दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरच्या ट्रिपला चार ते सहा किलोमीटर इथंच गेले. मामांनी वहीत लिहिलं ते मीटरवर दिसलं ते. यंत्र कमी मोजतंय आणि मीटर जास्त मोजतोय, आणि दोघांमधली दरी तुम्ही मामांच्या नावावर टाकलीत. त्यांच्या गाडीचे मागचे टायर कधी बदललेत, दादा? मला तर वाटतं, ॲव्हरेज का पडलं याचा एक धागा पण तिथंच निघेल.

रात्रीचं हलणारं टिंब. इथं माझं प्रकरण सांगते.

माझी एक गाडी पुण्याहून परत येताना किणीच्या टोलनाक्याजवळ ढाब्यावर रात्रभर थांबली. ड्रायव्हर म्हणाला, झोपलो होतो. यंत्र म्हणालं, गाडी रात्री नऊ किलोमीटर फिरली. मी त्याला सगळ्यांसमोर विचारलं, नऊ किलोमीटर कुठं गेला होतास आणि कुणासाठी. तो म्हणाला, “वहिनी, झोपेत चालायची सवय मला हाय, गाडीला न्हाई.” सगळे हसले. मी त्याच्या पगारातून डिझेल कापलं.

पुढं ज्याने यंत्र बसवलं त्याच पोराने समजावलं. मोकळ्या आकाशाखालीसुद्धा यंत्राच्या उत्तरात काही मीटरची चूक असतेच. चालत्या गाडीत ती लपते. गाडी उभी असली की दर खेपेला उत्तर थोडं वेगळं येतं, टिंब दोन पावलं इकडं, तीन पावलं तिकडं करतं, आणि संगणक बिचारा त्या पावलांची बेरीज करत बसतो. शेजारी दुसरा ट्रक, वर पत्रा किंवा झाड असेल तर उपग्रहाचे संदेश आपटून येतात आणि टिंब आणखी नाचतं. म्हणूनच चांगल्या यंत्राला गाडीच्या चावीची वायर जोडतात, म्हणजे इंजिन बंद असताना झालेली हालचाल ते मोजतच नाही. मी वायर वाचवली होती. डिझेलचे पैसे मी परत दिले, पण तो माणूस तीन महिन्यांनी सोडून गेला आणि तसा ड्रायव्हर मला पुन्हा मिळाला नाही.

तुमचं चुंबक तर चासीला खालून चिकटवलेलं असणार, कारण लपवायचं होतं. म्हणजे डोक्यावर सगळं लोखंड. त्याला आकाश दिसतंच कुठं? ज्या यंत्राला आकाश दिसत नाही त्याची साक्ष घेऊन १९ वर्षांचा माणूस काढायला निघालात.

आणि एक ते तीन मामा काय करतात? झोपतात, दादा. मी पैज लावते. सकाळी भरायला गेलेला, खाणीवर नंबर लावून बसलेला, रात्री घाट चढून आलेला माणूस सपाटी लागली की बाजूला घेऊन दोन तास पडतो. १९६१ सालच्या मोटार वाहतूक कामगार कायद्यातसुद्धा ड्रायव्हरचा दिवस आठ तासांचा धरला होता. मामांचा दिवस किती तासांचा आहे ते तुमच्याच यंत्रात दिसतंय, तेवढं मात्र दोघांनी वाचलं नाहीत. ते दोन तास थांबतात म्हणून तुमची गाडी दरीत नाही.

मामा डिझेल काढत नाहीत असं मी छातीठोक सांगत नाही. मी त्यांना ओळखत नाही. पण काढत असतील, तर ते या तीन गोष्टींतून सिद्ध होत नाही. डिझेल बघायचं तर डिझेल बघा. एकाच पंपावर, टाकी गळ्यापर्यंत भरून, ट्रिप करून आल्यावर पुन्हा गळ्यापर्यंत. असं चार ट्रिपा. मधल्या एका ट्रिपला तुम्ही स्वतः शेजारी बसून जा. इंजेक्टर, एअर फिल्टर, टायरची हवा एकदा बघून घ्या, आणि वाळू किती टन भरून येते तेही, कारण पावसात भिजलेली वाळू काट्यावर वेगळंच बोलते. टाकीत सेन्सर बसवायचा असेल तर तोही मिळतो, पण घाटात डिझेल एका कडेला जातं आणि आकडा खालीवर होतो. त्यावरून ओरडू नका. उभ्या गाडीत इंजिन बंद असताना पंधरा-वीस लिटरची पातळी एकदम खाली आली, तर ती विचारायची गोष्ट आहे. टाकीच्या मापानुसार सेन्सर नीट जुळवून घेतला नाही तर तोही थापा मारतो.

मामांना सांगायचं कसं, हा खरा प्रश्न तुम्ही शेवटच्या ओळीत दडवलाय. तुम्हीच सांगा, आणि लवकर सांगा. टायर बदलताना नाहीतर गाडी धुताना क्लीनरच्या हाताला ते चुंबक लागणार आहे. मग ती गोष्ट तुमच्या तोंडून न जाता शिरोलीच्या प्रत्येक चहाच्या गाड्यावरून जाईल. ऑफिसात बोलावू नका, थोरल्याला समोर बसवू नका. घरी बोलवा. म्हणा, मामा, ॲव्हरेज पडल्यामुळं माझ्या मनात पाप आलं, मी तुम्हाला न विचारता हे लावलं, ते चुकलं. हे घ्या. आणि यंत्र त्यांच्या हातात द्या. ते चिडतील, दोन दिवस बोलणार नाहीत. चिडू देत. मग आठवड्याने त्यांनाच विचारा, ॲव्हरेज का पडलं असेल. त्या गाडीचं दुखणं त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार?

आता थोरल्याची बाजू घेते, कारण त्याचं मूळ म्हणणं चुकीचं नाही. पाची गाड्यांना यंत्र लावा. पण वायरचं, चावीला जोडलेलं, वळण आलं की आपणहून जागा टिपणारं, रेंज नसताना साठवणारं. गाडीची बॅटरी कुणी काढली तरी थोडा वेळ चालेल अशी आतली बॅटरी असलेलं. घेताना दर वर्षी सिमकार्डाचे आणि सॉफ्टवेअरचे किती द्यायचे ते आधी कागदावर लिहून घ्या. पहिल्या वर्षी गोड बोलतात. आणि लावण्याआधी पाची ड्रायव्हर बसवून सांगा, काय बघणार आणि काय नाही.

ज्यासाठी लावायचं ती गोष्ट तुमच्या पत्रात आलीच नाही, ती म्हणजे हॉल्टिंग, गाडी दुसऱ्याच्या दारात खोळंबते त्याचे पैसे. मला यंत्राने ड्रायव्हर फारसे पकडून दिले नाहीत, पार्ट्या, म्हणजे माल घेणारे कारखानदार, मात्र पकडून दिले. एका पार्टीच्या गेटवर माझी गाडी दर खेपेला पाच-पाच तास खाली व्हायची राहायची. मी फोन केला की उत्तर ठरलेलं, तुमचा ड्रायव्हरच उशिरा आला. नकाशावर त्या कारखान्याभोवती एक कुंपण आखता येतं. गाडी आत गेली की वेळ पडते, बाहेर आली की वेळ पडते. महिन्याचा तो कागद मी त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तीन महिने कुरकुर केली, पण चौथ्या महिन्यापासून हॉल्टिंगचे पैसे लावून घेतले. ड्रायव्हरांना हे कळलं त्या दिवसापासून यंत्राविषयीची त्यांची कुरकुर अर्धी झाली, कारण त्यांच्या बाजूने बोलणारी ती पहिलीच साक्ष होती. खाणीवर तुमच्या गाड्या किती तास नंबरात उभ्या असतात ते एकदा काढून बघा. तुम्ही १५ किलोमीटरच्या डिझेलला रडताय.

पूर आला की आणखी एक उपयोग. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर चढलं आणि रस्ता कित्येक दिवस बंद राहिला. माझी एक गाडी पलीकडच्या रांगेत अडकली, ड्रायव्हरचा फोन बंद पडला. यंत्र ट्रकच्या बॅटरीवर चालू होतं, म्हणून त्याच्या घरी सांगता आलं की गाडी पाण्यात नाही, उंचावर उभी आहे.

जेसीबीचं गणित वेगळं. तो कुठं आहे हे तुम्हाला माहीतच असतं, वाद होतो तो तासांवरून. भाड्याने घेणारा म्हणतो सहा तास चालला, ऑपरेटर म्हणतो आठ. इथं उपग्रहाचा उपयोग कमी आणि वायर कुठं जोडली याचा जास्त. नुसती चावी मोजली तर चावी चालू ठेवून गाणी ऐकणंसुद्धा कामात धरलं जाईल. इंजिन खरंच फिरतंय हे कळेल अशा ठिकाणी जोडून घ्या. तरीही इंजिन नुसतं घुरघुरतंय की बकेट चाललीय हे साध्या यंत्राला कळत नाही, तेवढा वाद तुम्हाला तोंडानेच मिटवावा लागेल.

धाकट्याकडे मोटारसायकलवर फिरणाऱ्या पोरांबाबत मात्र मी जरा कडक बोलणार. त्यांना जीपीएस लावायचं म्हणजे त्यांच्या फोनमध्ये जागा दाखवणारं ॲप टाकायचं. ट्रक तुमचा आहे. फोन त्या पोरांचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, २०२३ साली डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. पण कायदा नसता तरी रात्री नऊ वाजता पोरगा रंकाळ्यावर कुणाबरोबर भेळ खातोय हे बघायचं धाकट्याला काय कारण? ॲप ठेवायचं तर कामावर आलं की पोराने स्वतः चालू करायचं आणि सुट्टी झाली की बंद करायचं. शक्य असेल तर कामाचा वेगळा फोन द्या. आणि त्यावरून पगार कापू नका. फाऊंड्रीच्या पत्र्याच्या शेडमध्ये आकाश दिसत नाही, मग फोन टॉवर आणि वायफायवरून अंदाज बांधतो आणि माणूस शेजारच्या कारखान्यात असल्याचं दाखवतो. त्याचा चांगला उपयोग एकच : गोकुळ शिरगावातून कॉम्प्रेसर बंद पडल्याचा फोन आला की तिघांतला कोण जवळ आहे ते बघून त्याला पाठवायचं. कागलहून एक पोरगा येत असताना शिरोलीतून दुसरा धावत जाणं, हे तरी टळेल.

बाकी ते चुंबकाचं यंत्र मामांनी परत दिलं तर फेकू नका. धाकटा दुरुस्ती होईपर्यंत फाऊंड्र्यांना जादाचा कॉम्प्रेसर भाड्याने देत असेलच ना? त्या कॉम्प्रेसरला लावा आणि हलवला की जागा टिपेल, एरवी दिवसातून एकदाच, असं ठेवा, बॅटरी बरीच पुरेल. शेडमध्ये गेल्यावर टिंब येणार नाही, पण शेवटचं टिंब ज्या गेटपाशी दिसलं तिथंच तो कॉम्प्रेसर असणार. पार्टीला तसं सांगून लावा.